छत्रीची आठवी काडी

तांदूळ निवडताना मला लोखंडाचा कीस सापडला. एकदा नाही, तीनदा. तेव्हा मी सूप तसंच उचललं आणि मागच्या पडवीत ह्यांच्या पुढ्यात नेऊन आदळलं.

हे पालथ्या बादलीवर बसले होते. मांडीवर जुना टॉवेल, हातात कानस, समोर भिंतीला टेकवलेल्या फळीवर ओळीनं अडकवलेली सतरा कुलपं. रविवारचे साडेदहा वाजले होते. बाकीच्या बायकांचे नवरे अशा वेळी पेपर वाचतात, फार तर मटण आणायला जातात. माझा नवरा छत्रीच्या काड्या घासतो.

सूप बघून हे म्हणाले, वारा इकडून तिकडं वाहतोय बहुतेक. मी म्हटलं, वाऱ्याला काय बोल लावता, तांदळाचा डबा तुम्हीच उघडा ठेवलात. तर ह्यांनी मुकाट्यानं सूप मांडीवर घेतलं आणि चिमट्यानं कीस वेचायला बसले. रागवावं तरी कुणावर, सांगा. भांडायला समोरचा माणूस थोडा तरी ताठ लागतो.

ह्यांचं नाव पंढरी. जव्हारच्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळतात. आलेल्या कागदावर शिक्का, गेलेल्या कागदावर शिक्का, अशी चोवीस वर्षं झाली. साहेब आले, साहेब गेले, ह्यांना नावानं हाक मारणारा त्यात एखादाच निघाला. मी चंदा, अंगणवाडीत सेविका. साखरशेतच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली अंगणवाडी माझ्याकडं. आमची दोन्ही मुलं नाशकात शिकायला, त्यामुळं घरात आम्ही दोघं आणि ही सतरा कुलपं.

हे खूळ लॉकडाऊनमधलं. कचेरी बंद, बाहेर पडायची सोय नाही, आणि मोबाईलवर कुठल्या तरी गोऱ्या माणसाला ह्यांनी दोन तारांनी कुलूप उघडताना बघितलं. तो माणूस असल्या तारा विकत घेतो म्हणे. हे म्हणाले, विकत कशाला, आपल्या जव्हारात छत्र्यांना काय तोटा. ते मात्र खरं. आमच्याकडचा पाऊस आडवा येतो, एका पावसाळ्यात घरटी दोन छत्र्या आडव्या करून जातो. तेव्हापासून आळीत कुणाची छत्री उलटली की सांत्वनाला हे पहिले हजर. काड्या काढून घ्यायच्या, कानशीनं टोक बारीक करायचं, कुणाला चोच, कुणाला वाकडं बोट, मग पॉलिश पेपरनं घासून घासून आरशासारखं करायचं. कुलूप पिळून धरायला पट्टी लागते, ती एसटीच्या जुन्या वायपरमधून. डेपोतला एक ड्रायव्हर ह्यांना झिजलेले वायपर असे देतो, जणू नैवेद्यच.

मी एकदा विचारलं होतं, त्याच त्या कुलपाला शंभरदा उघडून मिळतं काय? तर हे हातातलं कुलूप उलटं करत म्हणाले, "आत खिळ्या असतात बघ. एकेक करून बसवायची. घाई केली की सगळ्या खाली पडतात. शेवटची बसली की कुलूप आपणहून म्हणतं, बरं, घे." एवढं सलग हे लग्नाच्या बोलणीतही बोलले नव्हते.

पण भीती होतीच. मागच्या दिवाळीत आमच्या आळीत एका बंद घरात चोरी झाली. पोलीस दारोदार विचारत फिरले, आणि मी आठ दिवस ह्यांच्या काड्या तांदळाच्या डब्यात पुरून ठेवल्या. ते निस्तरल्यावर ह्यांना तुळशीपुढं उभं केलं आणि शपथ घातली. घरातली सतरा कुलपं खुशाल उघडा, दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही. एकदा का माणसाच्या नावापुढं कुलूपफोड्या लागलं की ते पुसायला शिक्का नसतो. ह्यांनी शपथ घेतली, आणि मला माहीत आहे, पाळलीही असती.

मोडायला लावली ती मीच.

कीस वेचून होतो न होतो तोच दारात मोटरसायकल थांबली. मागून रविना उतरली. रविना माझी अंगणवाडीतली मदतनीस, त्याच पाड्यावरची. गाडी तिचा नवरा उमेश चालवत होता. दोघांचे चेहरे उतरलेले. रविनानं पाणीही घेतलं नाही, ह्यांच्याकडं बघून थेट म्हणाली, "ताई, भाऊंना आमच्याकडं पाठवा. आज सोंग निघायचाय आणि पेटी उघडत नाय."

मी कपाळाला हात लावला. अंगणवाडीच्या कपाटाची चावी गेल्या साली, शपथेच्या आधी, हरवली होती, आतमध्ये पोरांचा खाऊ अडकला होता, तेव्हा ह्यांनीच ते दोन मिनिटांत उघडून दिलं होतं. ते बघणारी एकटी रविना. कुणाला सांगायचं नाही असं तिला बजावलं होतं, आणि तिनं सांगितलं नव्हतंही. गरज पडल्यावर ती सरळ घरीच आली, एवढंच.

मग तिनं सगळं सांगितलं. तिच्या पाड्यावर आज बोहाडा. देवांचे मुखवटे चढवून माणसं वाजतगाजत नाचत निघतात, आणि प्रत्येक मुखवटा, म्हणजे सोंग, एकेका घराकडं पिढ्यान्‌पिढ्या असतं. रविनाच्या सासऱ्याकडं भैरोबाचं. सासरे जिव्याबाबा माघात गेले. चाळीस वर्षं त्यांनीच भैरोबा नाचवला. आज पहिल्यांदा उमेश नाचवणार होता, आणि सोंगाच्या पेटीची चावी सापडत नव्हती. दोन दिवस कणगी उपसून, कौलं काढून शोधली. शेवटी काल संध्याकाळी सासूला आठवलं. चावी म्हाताऱ्याच्या चंचीत होती, चुन्याच्या डबीशेजारी. आणि चंची सासूनं स्वतःच्या हातानं सरणावर ठेवली होती. तिकडं माणसाला तंबाखू कोण देणार, म्हणून.

"चंची उघडून बघितली नाही का कुणी?" मी विचारलं.

"म्हाताऱ्याची चंची ताई. तो असताना कुणी हात नाय लावला, मेल्यावर कसा लावणार?"

कुलूप तोडायचं म्हणावं तर तीही सोय नव्हती. सोंगाच्या पेटीवर घाव घालायचा नाही, पेटीवर घातलेला घाव देवाच्या तोंडावर पडतो, असं ते मानतात. घाव पडला तर त्या साली सोंग निघत नाही. आणि एक साल जरी सोंग घरातच राहिलं, तर पाळी दुसऱ्या घराकडं जाते, परत येत नाही. जव्हारच्या बाजारातला चावीवाला उन्हाळ्यात त्याच्या मुलखात जातो, तो पाऊस लागल्यावरच उगवणार. दिवस मावळायच्या आत भैरोबा बाहेर आला नाही तर जिव्याबाबांच्या घरातून तो गेलाच.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. शपथ मी घातलेली, मोकळं मीच करायला हवं होतं. मी म्हटलं, "बघता काय, पिशवी घ्या. आणि मीही येते, तुळशीला मी सांगेन काय ते."

दुपारी एकच्या सुमाराला पाड्यावर पोचलो. अंगणात निम्मा पाडा जमलेला. इतर घरांची सोंगं ओट्यांवर ठेवून रंग खुलवणं चाललं होतं, आणि रविनाच्या ओट्यावर मात्र लाकडी पेटी, पितळेचं कुलूप आणि शेजारी कोंडीआजी. जिव्याबाबांची बायको. लहानशी, काटक, डोक्यावरचा पदर घट्ट. रडत नव्हती, पण पेटीवर हात ठेवून बसली होती तो हात काही काढत नव्हती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं. तिनं नवऱ्याला तंबाखू दिला आणि त्यापायी त्याचा देव घालवायची वेळ आणली.

सगळ्यांत ऐटीत उभे होते ते पोलीस पाटील, सुकऱ्याभाऊ. आठ दिवस काड्या तांदळात पुरून ठेवल्या त्या असल्याच पोलिसी माणसाच्या भीतीनं. ह्यांनी पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली, उलगडली. बत्तीस काड्या, सगळ्या लखलखीत. बघणाऱ्यांत कुजबुज झाली. सुकऱ्याभाऊंनी काड्यांकडं पाहिलं, ह्यांच्याकडं पाहिलं, घसा खाकरला आणि शांतपणे पाठ फिरवून ओट्याच्या कडेवर बसले.

"मी रानाकडं बघतो," ते म्हणाले. "पाटलानं असला काय बघलं का मंग त्याला लिवावं लागतं."

सगळे हसले, आणि मला वाटलं, चला, अर्धं काम तर इथंच झालं.

पण अर्धंही झालं नव्हतं. ह्यांनी कुलपाचं झाकण सरकवलं, आत एक काडी घातली आणि ह्यांचा चेहरा बदलला. हळूच मला म्हणाले, हे आपल्यातलं नाही. ह्याच्यात खिळ्या नाहीत, पट्ट्या आहेत एकावर एक, जाड स्प्रिंगांच्या. जुनं कुलूप. घरची सतराच्या सतरा खिळ्यांची. पट्ट्यांचं कुलूप ह्यांनी फक्त मोबाईलवर पाहिलेलं.

तरी बसले. पहिली काडी वाकली. दुसरी वाकली. तिसऱ्या काडीचं टोक आतच मोडलं, ते काढण्यात पाऊण तास गेला. हल्लीच्या छत्र्यांच्या काड्या पत्र्यासारख्या, त्या पट्ट्यांना त्या काय हलवणार. ऊन ओट्याच्या दुसऱ्या पायरीवर आलं. ढोलवाले पलीकडं ढोल शेकत होते, त्यांनी मधूनच एक थाप मारली की सगळ्यांच्या माना पेटीकडं वळायच्या. एक म्हातारा म्हणाला, बिजागऱ्या उपटा. दुसरा म्हणाला, तोही घावच. उमेश उठून मागच्या बाजूला गेला आणि बराच वेळ आला नाही.

खरं सांगते, मला तेव्हा ह्यांची फार दया आली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा चाळीस माणसं ह्यांच्या हाताकडं बघत होती, आणि हात हरत होता. ह्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, "जाड काडी पाहिजे. जुन्या काळच्या छत्रीची, भरीव. असली छत्री आता मिळत नाही."

कोंडीआजीनं पेटीवरचा हात पहिल्यांदा काढला. उठली, आत गेली. बाहेर आली ती काळी लांब छत्री घेऊन. लाकडी वाकडी मूठ, कापडाला चार ठिकाणी ठिगळ. जिव्याबाबांची. रविना माझ्या कानाशी लागली, ही पण सरणावर ठेवायची होती, पण आयनं दिली नाय, एवढीच ठेवली मागं.

हे छत्री बघूनच मागं सरकले. नको आजी, म्हणाले, दुसरं काही बघू. सायकलची तार बघू, काहीही बघू, ही मोडायची नाही. आजीनं ह्यांचं ऐकलंच नाही. खाली बसली, छत्री मांडीवर उघडली, एका काडीचे टाके दातानं तोडले आणि काडी सर्रकन ओढून ह्यांच्या हातात दिली.

"आठ काड्या हायत," ती म्हणाली. "एक गेली तं छत्री मरत नाय. तू कर."

मग जे चाललं ते मी कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. आमच्या ह्यांनी रविनाच्या चुलीत काडी लाल केली, पकडीनं टोक काटकोनात वळवलं, पाण्यात बुडवलं, पाट्यावर घासलं, कानशीनं तासलं, कुलपात घालून बघितलं, बाहेर काढलं, परत तासलं. वाकलेल्या काड्यांपैकी दोन एकत्र पिळून पिळायची पट्टी केली. घाम नाकाच्या शेंड्यावरून गळत होता, आणि मी, जिनं तुळशीपुढं शपथ घातली ती मी, मोबाईलची बॅटरी कुलपाच्या भोकावर धरून वाकून उभी होते आणि बायकांना दटावत होते की बांगड्या वाजवू नका, त्यांना आतलं ऐकू येत नाही. सुकऱ्याभाऊ रानाकडं बघत विचारत होते, किती झाल्या? हे म्हणाले, दोन. थोड्या वेळानं म्हणाले, तीन. मग सगळ्या पडल्या. परत एक. परत दोन. पाड्यावरच्या पोरासोरांनाही कळून चुकलं की पाच पट्ट्या बसायला पाहिजेत. चार झाल्यावर ढोलवाले थाप मारायचे थांबले.

पाचवीला वेळ लागला. मग कुलपानं फार मोठा आवाज केला नाही. नुसता टक. कडी सुटून कुलूप ह्यांच्या तळहातावर आलं.

सुकऱ्याभाऊ सगळ्यांत आधी वळले. एवढा वेळ न बघितलेलं त्यांनी एका दमात बघून घेतलं. उमेशला मागून ओढत आणलं. कोंडीआजीनं पेटीचं झाकण स्वतः उचललं. आत जुन्या धोतरात गुंडाळलेला भैरोबा, आणि तंबाखूचा वास. तिनं धोतर सोडलं, मुखवटा उचलला, तशी त्याच्या मागून काहीतरी खणकन पेटीत पडलं.

लाल दोऱ्यात बांधलेली चावी होती.

क्षणभर कुणाला काही कळेना. मग उमेश म्हणाला, "दुसरी चावी. बाबा म्हणायचा ना, दुसरी एकदम जपून ठेवलीय, कुणाला गावायची नाय अशी."

कोंडीआजी त्या चावीकडं बघत राहिली. तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, आता फुटली. पण ती हसत होती. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांतून पाणी वाहत, पोट धरून हसत होती. "जलमभर असाच," ती म्हणत होती, "जलमभर असाच येडा." रविना म्हणाली, माघापासून आय पहिल्यांदा हसली. तिच्या हसण्यानं सगळा पाडाच हसायला लागला, आणि आमचे हे मधोमध कुलूप हातात घेऊन लाजून उभे.

त्या दिवशी उमेशनं भैरोबा नाचवला. पहिले दोन फेरे चुकला, मग आजीनं ओट्यावरून पाय आपटून ताल दाखवला तसा सावरला. ह्यांना ढोलवाल्यांच्या शेजारी पाट मांडून बसवलं होतं. जाताना सुकऱ्याभाऊ मला म्हणाले, "ताई, भाऊंच्या काड्यांना माझी हरकत नाय. फक्त मी रानाकडं बघत होतो ह्ये ध्यानात ठेवा." कुलूपफोड्या कुणी म्हटलं नाही. म्हणतात ते कुलपाचा भगत, म्हणजे जणू मंत्रानं कुलूप उतरवणारा. वीटभट्टीवरून परतलेली माणसं चाव्या हरवून येतात, ती आता दाराची कडी उपटत नाहीत, आमच्याकडं निरोप धाडतात, आणि हे कचेरी सुटल्यावर पिशवी घेऊन जातात. तुळशीची मी माफी मागितली. पडवीला एक पडदाही लावला, कीस उडू नये म्हणून.

ती काडी मात्र ह्यांच्या मनात राहिली. तापवून, तासून तिचं जे झालं होतं त्यातून परत छत्रीची काडी होणार नव्हती. उन्हाळाभर हे जुन्या बाजारात, भंगारवाल्याकडं तशी भरीव काडी शोधत फिरले. शेवटी विक्रमगडच्या एका भंगारवाल्याकडं गावली. गंज काढला, मापात कापली, दोन्ही टोकांना भोकं पाडली, आरशासारखी केली. आपल्या कुठल्याही काडीला केली नसेल एवढी.

श्रावणातल्या एका बाजाराच्या दिवशी कोंडीआजी आम्हाला जव्हारात दिसली. भाजीच्या ओळीत, पावसात. डोक्यावर तीच छत्री. सात काड्यांची, आठव्या बाजूचं कापड ओल्या पानासारखं खाली लोंबत होतं आणि तिथून पाण्याची धार लागली होती. हे धावतच घरी गेले, काडी घेऊन आले. एका दुकानाच्या वळचणीला तिला थांबवलं. म्हणाले, आजी, पाच मिनिटं द्या, आत्ताच बसवतो.

आजीनं काडी हातात घेतली. फिरवून फिरवून बघितली, बोट फिरवलं. छान केलीस पोरा, म्हणाली. आणि परत ह्यांच्या खिशात ठेवली.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "त्या अंगाला म्हातारा चालं. अख्खी छत्री माझ्यावर धरी नं सवता भिजं. कधी ऐकला नाय."

मग तिनं पिशवी काखेला मारली आणि एसटी स्टँडकडं निघाली. छत्री तिनं जरा त्या बाजूला कलती धरली होती. चालतानाही ती रस्त्याच्या मधून चालत नव्हती, एका माणसाला पुरेल एवढी जागा त्या अंगाला सोडून चालत होती. ह्यांनी चष्मा काढून पुसला. आमची छत्री माझ्या हातात होती. मी ती ह्यांच्या डोक्यावर सरकवली, आणि आम्ही भाजी घ्यायला गेलो.